शहाण्णव टक्के

१२ एप्रिल

नियामक मंडळाकडून आलेल्या अहवालाच्या शेवटच्या पानावर, सल्लागार कंपनीच्या शिक्क्याखाली, तुझी सही आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. सही दुसऱ्या कुणाची असती तर मी मंडळालाच उत्तर दिलं असतं.

वर मायना नाही, तो विसरून राहिलेला नाही. 'सौ.' लिहायची सोय राहिली नाही, 'चि.' लिहायचा हक्क मला उरला आहे की नाही ते माहीत नाही, आणि तू हल्ली मला 'मॅडम' लिहितेस तसं मला लिहिता येत नाही. तेव्हा सरळ कामाचं.

मेल करणार नाही. मेल संगणन सेंटरच्या सर्व्हरवर राहतो. तो सर्व्हर आज माझ्या ताब्यात आहे. जूननंतर कुणाच्या असेल ते तुझ्या अहवालावर ठरणार आहे.

अहवाल मी तीनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे. तू इथे नोकरीला होतीस तेव्हा तुझे अहवाल मी लाल करून परत पाठवायची, ते फुकट गेलं नाही म्हणायचं. तुझा हिशेबही सोपा आहे. सेंटरचा वर्षाचा सगळा खर्च घ्यायचा, त्याला यंत्रं प्रत्यक्ष कामात असलेल्या तासांनी भागायचं, आणि तो भाव इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या यंत्रांच्या भावाशेजारी ठेवायचा. वापर ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर स्वतःची यंत्रं परवडतात, खाली असेल तर भाड्याची. आमचा वापर अठ्ठावन्न. म्हणून शिफारस: यंत्रांच्या सहाही रांगा विका, हॉलला कुलूप लावा, लागेल तेव्हा लागेल तेवढं भाड्यानं घ्या.

बावीस वर्षं मी हे सेंटर चालवते. विद्यापीठाची गणितं, पूल बांधणाऱ्यांची गणितं, आणि उन्हाळ्यात वनखात्यासाठी वणवा कुठे पसरेल याचे अंदाज. चौदा माणसं आहेत. त्यांतली निम्मी तुझ्या हाताखाली शिकली. त्यांचा उल्लेख तू 'मनुष्यबळ, ओळ सात' असा केला आहेस.

तीन वर्षांपूर्वी नवी यंत्रं घेताना तू म्हणाली होतीस, निम्मी घ्या, निम्मी भाड्यानं चालवा. मी सगळ्यांसमोर नाही म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं, पण 'नाही' बरोबर होतं. तू आधी सेंटर सोडलंस, मग वर्षभरात माझं घर. दुसरं का सोडलंस ते माझ्या मुलाला माहीत असेल, मी विचारलेलं नाही. मात्र या अहवालात त्या दिवसाचा राग किती आहे, एवढं मला सांग. आकड्यांत राग दिसत नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच विचारते.


३ मे

तुझं उत्तर मिळालं. चार ओळींचं. 'मॅडम, राग असता तर मी हे काम घेतलं नसतं. आकडे वर्षाच्या सरासरीचे आहेत. एप्रिल-मेचा वापर ऐंशीच्या वर गेला तर कंपनी फेरविचाराची शिफारस करेल. १४ तारखेला पाहणीला येत आहे.'

ठीक. मग ऐक. आज वापर शहाण्णव टक्के आहे. गेल्या दोन आठवड्यांत एकदाही नव्वदच्या खाली आलेला नाही. मागणी वाढली आहे. कशी वाढली हा सेंटरचा प्रश्न आहे, पाहणीला येणाऱ्याचा नाही.

माझा मुलगा रोज सकाळी चहा घेताना विचारतो, "आई, आज धावा किती?"

"शहाण्णव."

"शतक झालं की बॅट उंच कर, मी टाळ्या वाजवतो."

संगीत शिकवणाऱ्या माणसाला यापलीकडे काय सुचणार! पण तुला सांगायला हरकत नाही, मला तो विनोद ऐकायला सध्या बरा वाटतो.

आता तुझ्या सरासरीबद्दल. भाड्याचा भाव तू तीन वर्षांच्या सरासरीनं धरला आहेस. त्यातही वणव्याच्या कामासाठी सगळ्यांत स्वस्त प्रकार धरला आहेस, ती उसनी यंत्रं. कंपन्यांकडे पडून असलेली, मालकानं मागितली की दोन मिनिटांत परत द्यायची. काम तुकड्यातुकड्यांनी करून ठेवलं तर यंत्र मध्येच गेलं तरी बिघडत नाही, असं तू लिहितेस. हे खरं आहे, विद्यापीठाच्या कामाला तर फारच खरं. पण मला सांग, वनखातं ही यंत्रं कधी मागणार? आग लागेल तेव्हा. शेजारचा जिल्हा कधी मागणार? विमा कंपन्या, टीव्हीवाले? सगळे त्याच दुपारी. तू वर्षभराच्या भावाची सरासरी काढलीस, आणि आम्हाला ते घ्यावं लागणार त्या एका दुपारच्या भावानं. हे तुला कळत नाही असं नाही. तुझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही, एवढंच.

तू म्हणशील, तुमच्याही तक्त्यात एक रकाना नाही. नवी यंत्रं घ्यायच्या आधी म्हणालीच होतीस. "आई, यंत्र रिकामं बसलेलं तुम्हाला दिसतं. नंबर लागायची वाट बघत आठ-आठ दिवस रिकामी बसलेली माणसं दिसत नाहीत." त्यावर मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

१४ तारखेला ये. सही करून आत यावं लागेल, पाहुण्यांना तोच नियम आहे.


१६ मे

तू गेल्यापासून हे पत्र मनात लिहिते आहे. कागदावर आज.

दार गारठ्यानं उघडलं. हॉल थंड ठेवायचं काम तो पंचवीस वर्षं करतो आणि मे महिन्यात स्वेटर घालतो, म्हणून सगळे त्याला गारठाच म्हणतात, हे तुला सांगायला नको. त्याची मात्र तुला काय म्हणावं यात तारांबळ उडाली.

"या वहिनी. म्हणजे, मॅडम. म्हणजे... या ना."

"अजून स्वेटरच का?" तू विचारलंस.

"बाहेर चाळीस, आत अठरा. मी उंबऱ्यावरचा माणूस. मला दोन्हीकडून सर्दी होते."

तू हसलीस. मग थांबलीस, आणि मान वाकडी करून ऐकलंस. "दोन नंबरच्या चिलरचा आवाज वेगळा येतोय."

"तो माझ्या लग्नाच्या वर्षी आलाय. घरचा आवाज याहून मोठा आहे, आणि तेही टिकलंच की."

"घरी सांगू का?"

"नको, नको! पावसाळ्यापर्यंत काही होत नाही त्याला. लिहून देतो."

इथवर सगळं आपल्या जुन्या दिवसांसारखं चाललं होतं, आणि त्यामुळे मी बेसावध राहिले. मग तू माझ्या टेबलाशी बसलीस आणि कामांची यादी पडद्यावर उघडलीस.

"ही चारशे कामं कुणाची?"

"अंतर्गत."

"म्हणजे?"

"जुन्या वणव्यांची फेरतपासणी. सात वर्षांचे उन्हाळे पुन्हा चालवून बघतोय."

"चौथ्यांदा?"

"तपासणी कितीदा करावी याचा काही नियम आहे का?"

"नाही," तू म्हणालीस. "पण चौथ्यांदा उत्तर वेगळं आलं तर मला नक्की कळवा."

आणि पडदा बंद केलास. माझा चेहरा कसा झाला ते मला माहीत नाही, तू बघितलं नाहीस. पर्स उचललीस, गारठ्याचा निरोप घेतलास आणि गेलीस.

तर तुला कळलं आहे. मग कागदावर ते का आलं नाही? तुझी पाहणीची टिपणं आज मंडळाकडून मला आली. 'वापर: ९६ टक्के. नोंद केली.' बस. तू भांडली असतीस तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. मी सांगितलं असतं की यंत्रं तशीही चालूच असतात. रिकामं यंत्र आणि भरलेलं यंत्र यांत फरक फक्त विजेचा. आणि चौदा घरांचा प्रश्न विजेच्या बिलापेक्षा मोठा आहे. हे उत्तर आता माझ्याकडेच पडून आहे.

दुसरी गोष्ट. मंडळानं ठरवलंय की निर्णय होईपर्यंत वणव्याच्या कामासाठी भाड्याचं खातंही उघडून ठेवायचं. अडीनडीला सेंटर आणि भाडं, दोन्ही. खर्चाची मर्यादा तू घालणार आहेस. नीट घाल. उधळेपणा दिसला तर तुझ्याच अहवालाला धक्का बसेल, आणि तसं झालेलं मला चालेल, हे मी लपवत नाही.

चिलरचा आवाज मलाही येतो. आठवड्यापासून येतोय. पूर्वी दुपारी काम कमी असलं की एक आणि दोन नंबर आळीपाळीनं बंद ठेवायचो. सध्या तशी फुरसत नाही.


२८ मे

टीव्हीवर बघितलं असशीलच, पण टीव्हीवर हॉल दाखवला नाही. काल काय झालं ते क्रमानं लिहिते. निम्मं तुझ्या फोनवर घडलं, उरलेलं निम्मं तुला माहीत असायला हवं.

अकराच्या सुमारास अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा फोन आला. ते नमस्कार वगैरे करत नाहीत.

"बाई, डोंगरावर पेटलंय. खाली लाकूड कारखान्याची वस्ती आहे, तीनशेवर माणसं. बाहेर पडायला दोन रस्ते, एक कड्यावरून, एक नदीकडून. नदीकडचा लांबचा आहे. कुठला धरू?"

"तासाभरात सांगते."

"तासाभरात म्हणजे तासाभरातच ना?"

"मी आजवर वेळ चुकले आहे का?"

नाही म्हणाले. वाऱ्याच्या चाळीस शक्यता चालवायच्या असतात: इतका वळला तर, इतका वाढला तर. सगळा हॉल लावला की तासाभरात होतात. मी ती चारशे कामं एका आज्ञेनं काढून टाकली. एका आज्ञेनं निघतात म्हणूनच मला त्यांचं काही वाटत नव्हतं. चाळीसही शक्यता चालू झाल्या, आणि गारठा धावत आला. त्याला धावताना मी प्रथमच पाहिलं.

"दोन नंबर बसला. जागच्या जागी धरलाय, फिरतच नाही."

"एक नंबरवर सगळं घे."

"बाहेर बेचाळीस आहे, मॅडम. एकटा कसा ओढणार तो?"

नाहीच ओढला. हॉलमध्ये उकडायला लागलं, गारठ्यानं स्वेटर काढून खुर्चीवर टाकला. यंत्रं तापली की स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतात. सहावी रांग गेली, मग पाचवी, मग तिसरी आणि चौथी एकदमच. उरल्या दोन. त्या हिशेबानं उत्तर तीन तासांनी मिळणार होतं.

तेव्हा तुला फोन केला. एरवी काय बोलावं याचा मी आठवडाभर विचार केला असता.

"चाळीसपैकी तीस भाड्यावर टाकता येतील का?"

तू काही विचारलं नाहीस. "टाकतेय. मिळाली यंत्रं. चालू झाली... थांबा. गेली."

"गेली म्हणजे?"

"उसनी होती, मालकानं परत घेतली. तीन जिल्ह्यांत आग आहे, सगळेच मागताहेत. पुन्हा मागते. नाही, पुन्हा गेली."

"मग पक्की घे. परत जाणार नाहीत अशी."

"पक्कीचा भाव नऊपट झालाय. खात्याची मर्यादा आडवी येतेय."

"कुणी घातली एवढी मर्यादा?"

"मी घातली."

दुसऱ्या फोनवर दलप्रमुख विचारत होते की तास कधी संपणार.

"काढायला मंडळाच्या अध्यक्षांची परवानगी लागते," तू म्हणालीस. "ते फोन उचलत नाहीयेत. माझ्या साहेबांचा बंद आहे." आणि मग, "आई, तुम्ही वाऱ्याच्या फायली पाठवा. मर्यादा मी काढते."

पाठवल्या. काढलीस. पुढे सगळं झपाट्यानं झालं, ते श्रेय भाड्याच्या यंत्रांना द्यायलाच हवं; एवढ्या कमी वेळात माझा पूर्ण हॉलही देऊ शकला नसता. चाळीसपैकी बत्तीस शक्यतांत कड्यावरचा रस्ता बंद होत होता. मी दलप्रमुखांना सांगितलं, नदीकडून काढा. ते एक शिवी देऊन म्हणाले, "पहिली बस कड्यावर चढली, बाई. कितीक वेळ थांबणार होतो?"

बस परत फिरवली. अरुंद रस्ता, उलटी चालवत आणली. चालकाचे हात भाजले आहेत. सहा जणांच्या छातीत धूर गेला, त्यांत एक गरोदर बाई आहे. सगळे वाचतील असं डॉक्टर म्हणतात. बाकी वस्ती नदीकडून सुखरूप निघाली. कारखाना जळाला. दुपारनंतर कड्यावरचा रस्ता दोन्ही बाजूंनी पेटला होता.

चिलर उन्हानं बसला. उन्हाळा फारच कडक आहे यंदा.


१ जून

गेल्या पत्रातलं 'चिलर उन्हानं बसला' हे वाक्य तू वाचलं असशील. पत्र पेटीत टाकल्यावर मला ते परत काढून घ्यावंसं वाटलं, पण पेटीत हात जात नाही.

आज अध्यक्षांनी बोलावलं होतं. उठून उभे राहिले, बसायला खुर्ची दिली, इतकी वर्षं हे कधी झालं नव्हतं.

"भाड्याच्या एका दुपारचं बिल बघितलंत?" ते म्हणाले. "तुमच्या दोन महिन्यांच्या विजेएवढं आहे. आता कोण म्हणतो भाडं स्वस्त ते बघू. आणि त्या मुलीनं परवानगीशिवाय मर्यादा उडवली. तिच्या कंपनीला कडक पत्र जातंय. अशांना ठेवत नाहीत."

"वस्ती वाचली त्यामुळे," मी म्हणाले.

"वाचली ना? मग झालं तर. तुम्ही वाचवलीत." आणि कागद पुढे सरकवला. "शहाण्णव टक्के वापर असलेलं केंद्र बंद करण्याची कुणाची छाती आहे? जुना चिलर भर उन्हात दगा देतो, तो दोष मंडळाचा. नवा दोन आठवड्यांत येईल. चार तारखेच्या बैठकीत दोन शब्द बोला, फोटो काढू, संपलं."

म्हणजे जे मला हवं होतं ते सगळं. हॉल, सहाही रांगा, चौदाही माणसं, वर नवा चिलर. मी फक्त गप्प राहायचं.

घरी आल्यावर मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मग जिंकलीस की." चहा ठेवला, आणि पाठ फिरवूनच विचारलं, "तिची नोकरी जाणार?"

"जाईल असं दिसतंय."

"ती काही म्हणाली?"

"नाही."

"ती अशीच. भांडायला लागली की समजावं अजून आशा आहे." एवढं बोलून तो शिकवणीला गेला. त्याच्या तोंडून शहाणपणाचं वाक्य आलं की मला उगाच राग येतो.

आता मला तुझ्याकडून उत्तर हवंय, आणि चार ओळींचं नको. त्या चारशे कामांची यादी तू डोळ्यांनी पाहिलीस. पाच आठवडे दोन्ही चिलर अहोरात्र ओढत होते ते कशामुळे, हे तुला माझ्याइतकंच कळतं. मंडळाला एक मेल केलास तर तुझी नोकरी वाचेल आणि माझं सेंटर जाईल. तू का गप्प आहेस? मला वाचवते आहेस, की अजमावते आहेस? वाचवत असशील तर मी तुझ्याकडे ते मागितलेलं नाही. अजमावत असशील तर तुला तो अधिकार कुणी दिला?

चार तारखेच्या आत कळव.


५ जून

तुझं उत्तर आलं नाही. तुझ्या जागी असते तर मीही पाठवलं नसतं.

बैठक काल झाली. सातजण, शिवाय दलप्रमुख, त्यांना आभार मानायला बोलावलं होतं. अध्यक्षांनी माझं कौतुक करून झाल्यावर मी उभी राहिले.

"तो आकडा खोटा आहे," मी म्हणाले. "वीस एप्रिलपासून यंत्रांवर निरुपयोगी कामं मी घातली. तीच ती, पुन्हा पुन्हा."

अध्यक्षांना वाटलं मी विनय दाखवते आहे. "कशासाठी घालाल तुम्ही?"

"वापर जास्त दिसावा म्हणून. जास्त दिसला की तासाचा भाव कमी निघतो. भाव कमी निघाला की सेंटर वाचतं."

"आणि चिलर?"

"त्याला विश्रांती मिळाली नाही. आवाज बिघडला होता, तो मी ऐकला होता. बंद ठेवला असता तर वापर खाली आला असता."

मग दलप्रमुखांनी टोपी टेबलावर ठेवली.

"बाई, खरा वापर किती होता?"

"अठ्ठावन्न."

"म्हणजे बेचाळीस टक्के रिकामं."

"हो."

"ते माझं होतं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "माझा बंब वर्षातले तीनशे दिवस शेडमध्ये उभा असतो. वापर दिसावा म्हणून मी तो गावातून फिरवत नाही. उभा आहे म्हणून तर तो बंब. तुमच्याकडचं बेचाळीस टक्के माझ्या माणसांसाठी उभं होतं, आणि तुम्ही त्यात कचरा भरलात."

इतक्या वर्षांत मला कुणी असं बोललेलं नाही. बोलायचं धाडस नव्हतं म्हणून नव्हे, तशी वेळच मी येऊ दिली नव्हती. एप्रिलमध्ये मंडळासमोर जाऊन हेच वाक्य मी बोलायला हवं होतं: अठ्ठावन्न खरं आहे, आणि उरलेलं मुद्दाम रिकामं ठेवलेलं आहे, त्याचे पैसे द्या. ते मला सुचलं नाही. तुझ्या भागाकारामुळे मला लाज वाटायला लागली आणि मी रिकामपण झाकत बसले. तुझ्या अहवालातही ते नाही, हे लक्षात ठेव. तूही त्याला ओळ दहा, 'न वापरलेली क्षमता' म्हटलं आहेस, आणि तोट्यात धरलं आहेस.

मर्यादा तू परवानगीशिवाय काढलीस हे मी सांगितलं, कारण ते खरं आहे. काढली नसतीस तर दुसरी आणि तिसरी बसही कड्यावर गेली असती, हेही सांगितलं. ती मर्यादा मुळात एवढी तुटपुंजी घातलीस हे तुझं चुकलं, तेही सांगितलं. कमी-जास्त काही केलं नाही.

मंडळानं तीन तास घेतले. दोन रांगा विकायच्या, चार ठेवायच्या. चारांपैकी एक उन्हाळाभर चालू पण रिकामी, वणव्यासाठी राखून. तिच्यावर कुणाचं काम घालायचं नाही, माझंही नाही. त्यापलीकडे लागेल ते भाड्यानं, पण दुपारी बाजारात उभं राहून नाही. हंगामाआधी पैसे भरून पक्की यंत्रं बांधून ठेवायची. तुला हे तुझ्या जुन्या प्रस्तावासारखं वाटेल. अर्धंच आहे. तुझ्या प्रस्तावात राखीव काहीच नव्हतं.

चौदापैकी चार माणसांना जावं लागणार आहे. त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आले. एकीनं दार उघडलं नाही. गारठा राहतोय.

मला महिनाअखेरपर्यंत जायचंय. माझ्या जागी कोण, असं विचारलं. मी तुझं नाव दिलं. अध्यक्ष म्हणाले, "तिनं तुमचं सेंटर बंद करायला सांगितलं होतं." मी म्हणाले, तिला प्रत्येक रांगेचा खर्च माहीत आहे आणि कोणत्या क्षणी तो बघायचा नाही हेही माहीत आहे. तुझ्या कंपनीनं तुला काढल्याचं मला काल कळलं. मंडळ त्यांना आता दुसरं पत्र पाठवतंय, पण तू तिथे परत जाशील असं मला वाटत नाही.

मेहेरबानी समजू नकोस. दुसरं योग्य नाव असतं तर ते दिलं असतं. आणि यात घरचं काही नाही. माझ्या मुलाला मी अजून सांगितलेलं नाही, त्यानं पेटी वाजवत बसावं.

नको असेल तर मंडळाला कळव, मला नको. हवं असेल तर ३० तारखेला सकाळी दहाला ये. ताबा दोघींनी समोरासमोर द्यायचा-घ्यायचा असतो.


३० जून

ताबा-नोंद

संगणन केंद्राचा कार्यभार आज सकाळी मावळत्या प्रमुखांनी (देणार) नवीन प्रमुखांकडे (घेणार) पुढीलप्रमाणे सोपवला. घेणार पावणेदहालाच हजर होत्या.

हॉलची बाहेरची किल्ली, दोन नग. चिलरखोलीची किल्ली, एक नग. दुसरी देखभाल करणाऱ्यांकडे असून ते ती देण्यास तयार नाहीत. घेणार यांची हरकत नाही.

रांगा एक ते तीन: चालू, कामात. आजचा वापर मोजून दाखवला. घेणार यांनी कामांची यादी स्वतः उघडून प्रत्येक काम कोणाचे ते विचारले. देणार यांनी सांगितले.

रांग चार: चालू, रिकामी. रिकामी असल्याची खात्री दोघींनी केली.

रांगा पाच व सहा: बंद, विक्रीसाठी मोहोरबंद.

नवीन चिलर, एक नग. जुना दोन नंबरचा चिलर चौकशीसाठी ठेवला आहे, हलवू नये.

भाड्याच्या खात्याचा ताबा. खर्चाची मर्यादा देणार यांनी कोरी ठेवली होती. घेणार यांनी आकडा घातला, आणि वणव्याच्या दिवशी ती दलप्रमुखांच्या एका फोनवर उठेल असे खाली लिहिले. देणार यांनी वाचले. दुरुस्ती सुचवली नाही.

जखमी बसचालकाचा रुग्णालयातील पत्ता. देणार दर गुरुवारी जातात. घेणार यांनी पत्ता उतरवून घेतला.

देणार यांच्या घरचा फोन नंबर: घेणार यांना तो पाठ आहे असे त्यांनी सांगितल्यामुळे येथे लिहिलेला नाही.

देणार: सही
घेणार: सही